उतारवयातील लांब पल्ला

कॅनडातील टोरोंटो शहरात १६ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या मॅरेथॉन शर्यतीत हजारो तरुण धावले. पण ती शर्यत लक्षात राहिली ती दोन वृद्धांमुळे. पहिले एड व्हिटलॉक. वय वर्षे ८०. ४२ किलोमीटर १९५ मीटरांचे अंतर त्यांनी ३ तास १६ मिनिटांच्या आत पार केले. ऐन पंचविशीतल्या पुष्कळ धावपटूंना जी वेळ आयुष्यात एकदाही गाठता येत नाही, ती त्यांनी ऐंशीव्या वर्षी गाठली. दुसरे फौजासिंग. पारपत्रावरील जन्मतारीख प्रमाण मानली तर त्यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती. ते अंतिम रेषेवर पोहोचले तेव्हा शर्यत सुरू होऊन आठ तास उलटले होते आणि मार्गावरील अडसर उचलण्याचे काम कामगारांनी सुरू केले होते. जन्माचा सरकारी दाखला नसल्यामुळे गिनेस बुकाने त्यांच्या विक्रमाची नोंद केली नाही. १९११ साली पंजाबातील एका खेड्यात जन्मलेल्या शेतकऱ्यापाशी असा दाखला नसावा, यात नवल ते काय? त्यांच्या वयातून पाच-दहा वर्षे वजा केली, तरीही त्या दिवसाच्या पराक्रमाचे मोल कमी होत नाही.

या दोघांचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. अशा बातम्या येतात, वाचक क्षणभर थक्क होतो आणि पान उलटतो. ‘ती माणसे निराळ्याच मातीची’ असे एकदा म्हटले, की स्वतः काही करण्याची जबाबदारीही संपते. वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. शरीर दरवर्षी थोडा थोडा असहकार पुकारत असताना, पदकाची वा चरितार्थाची आशा नसताना, ही माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा पायांत बूट का चढवतात? तरुणपणी धावण्याला कारणे शोधावी लागत नाहीत. शाळा-महाविद्यालयाचा मान असतो, पोलीस वा सैन्यभरतीची चाचणी असते, बरोबरीच्यांना मागे टाकण्याची ईर्ष्या असते आणि मुख्य म्हणजे काल केले त्याहून आज अधिक चांगले करता येईल, असा भरवसा असतो. उतारवयात ही कारणे एकेक करून गळून पडतात. मग उरते काय?

शरीराचा हिशेब तर सरळसरळ विरोधात जातो. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता साधारणपणे तिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित कसून व्यायाम करणाऱ्यांत ही घट मंदावते, पण थांबत नाही. स्नायू रोडावतात, स्नायुबंधांची लवचिकता कमी होते आणि तरुणपणी एका रात्रीत भरून येणारी झीज भरून यायला अधिक दिवस लागतात. सत्तरीनंतर तर वेगाचा उतार अधिकच तीव्र होतो. म्हणजे ज्याने ‘मागच्या वर्षीपेक्षा लवकर’ एवढ्या एकाच आशेवर धावायचे ठरवले, त्याच्या पदरी निराशाच यायची. उतारवयात धावणे सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांचे पाय थकलेले नसतात. घड्याळाने त्यांचे मन मोडलेले असते.

या दृष्टीने व्हिटलॉक यांचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९३१ साली लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस व्यवसायाने अभियंता. विद्यार्थिदशेत ते इंग्लंडमध्ये चांगले धावत. पुढे कॅनडात स्थायिक झाल्यावर नोकरी-संसाराच्या व्यापात धावणे सुटले, ते चाळिशीत पुन्हा सुरू झाले. २००३ साली ७२ व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण केली. सत्तरी उलटलेल्या कोणालाही तोवर हे साधले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ नोंदवली. सत्तरीत गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले, तरी ते परतले; आणि २०१६ साली ८५ व्या वर्षी त्यांनी हे अंतर चार तासांच्या आत पुन्हा तोडले. त्यानंतर पाच महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

इतक्या थोर कामगिरीमागे काही दिव्य प्रेरणा असेल, अशी कल्पना कोणीही करील. प्रत्यक्षात व्हिटलॉक यांना मार्गदर्शक नव्हता, आहाराचे स्तोम नव्हते, आधुनिक उपकरणे नव्हती. मिल्टन या गावी घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या रस्त्यावर ते फेऱ्या घालीत. फेऱ्या मोजायच्या नाहीत; ठरवलेला वेळ भरला की थांबायचे, एवढाच दंडक. जोमाने सराव चालू असे त्या काळात ही दौड तीन-तीन तास चाले. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी, की या रोजच्या धावण्यात आपल्याला विशेष आनंद वाटत नाही, ते कंटाळवाणेच आहे, असे ते मुलाखतींतून मोकळेपणाने सांगत. शर्यतीचा दिवस त्यांना आवडे, विक्रम आवडत, लोकांनी वाजवलेल्या टाळ्याही आवडत. त्यांसाठी करावी लागणारी रोजची मजुरी ते मुकाट्याने करीत.

या कबुलीत मोठे शहाणपण दडलेले आहे. ‘मनात उत्साह दाटून येईल तेव्हा धावू’ असे म्हणणारा माणूस महिनाभरात घरी बसतो. कारण उत्साह हा पाहुणा आहे, तो रोज येत नाही. अलीकडे ‘प्रेरणा’ या शब्दाचा फार बोलबाला झाला आहे. व्याख्याने ऐकून, सुविचार वाचून ती मिळते असा समज आहे. परंतु ज्याला वर्षानुवर्षे लांब पल्ला तोडायचा आहे, त्याने प्रेरणेच्या वाटेकडे डोळे लावून बसणे म्हणजे शेतकऱ्याने मुहूर्त पाहून नांगराला हात घालण्यासारखे आहे. मन तयार असो वा नसो, पाय ठरल्या वेळी घराबाहेर पडले पाहिजेत. पहिला मैलभर मन कुरकुरते आणि मग पायांच्या मागोमाग निमूटपणे चालू लागते, हा लांब पल्ल्याच्या बहुतेक धावपटूंचा अनुभव आहे.

अर्थात नुसती शिस्तही पुरेशी नाही. माणसाला मोजमाप लागते, पुढे काहीतरी दिसावे लागते. तेव्हा उतारवयात मोजण्याची काठीच बदलावी लागते. प्रौढांच्या मैदानी स्पर्धांची रचना याच तत्त्वावर झालेली आहे. पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट. आपली स्पर्धा केवळ आपल्या वयाच्या माणसांशी. प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली, योगायोगाने टोरोंटोतच, झाली. या रचनेतून एक गंमतीदार उलथापालथ घडते. एरवी ज्या वाढदिवसाची माणसाला धास्ती वाटते, तोच बढतीचा दिवस ठरतो. एकोणऐंशी वर्षांचा धावपटू आपल्या गटात म्हातारा असतो. ऐंशी पुरी झाली की तो पुढच्या गटातला सर्वांत तरुण गडी होतो!

काहींनी तर स्वतःची निराळीच काठी तयार केली. अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांनी १९७९ साली, महाविद्यालयात शिकत असताना, बोस्टनची मॅरेथॉन २ तास ३५ मिनिटे १५ सेकंदांत जिंकली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेण्यात आली, तेव्हा पहिले सुवर्णपदकही त्यांचेच. या अशा कीर्तीचे ओझे पुढे फार जड होते. तरुणपणच्या स्वतःशी कोण स्पर्धा करणार? चाळीस वर्षांनी, २०१९ साली, ६१ व्या वर्षी त्या पुन्हा बोस्टनला उतरल्या, त्या एक साधा हिशेब मनाशी बांधून. लोटलेल्या चाळीस वर्षांबद्दल चाळीस मिनिटांपेक्षा अधिक उशीर होऊ द्यायचा नाही. त्यांनी ३ तास ४ मिनिटांत शर्यत पुरी केली. म्हणजे मुदतीतली अकरा मिनिटे शिल्लकच राहिली. वय नाकारायचे नाही आणि वयाला वाजवीपेक्षा अधिक द्यायचेही नाही, हा तो हिशेब.

याच बोस्टनच्या शर्यतीत जॉन केली हे गृहस्थ ६१ वेळा धावले. १९३५ आणि १९४५ साली ते जिंकले आणि अखेरचे धावले ते १९९२ साली, ८४ व्या वर्षी. त्या मार्गावरील प्रसिद्ध चढाच्या पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे. पुतळा एकट्याचा नव्हे, दोघांचा. सत्तावीस वर्षांचा विजेता केली आणि म्हातारा केली हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडीत आहेत. तरुणपणच्या आपल्याला प्रतिस्पर्धी न मानता सोबती मानावे, हे त्या शिल्पाइतके नेटके क्वचितच कोणी सांगितले असेल.

फौजासिंग यांची गोष्ट मात्र या मोजमापाच्या पलीकडची आहे. ते जालंधरजवळच्या ब्यास पिंड या गावचे. लहानपणी पाय इतके अशक्त की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हते. आयुष्य शेतीत गेले. १९९२ साली पत्नी गेली आणि १९९४ साली तरुण मुलगा अपघातात गेला. पुढे ते लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहू लागले. परका देश, परकी भाषा आणि मनात पुत्रशोक. अशा स्थितीत म्हातारा माणूस खिडकीशी बसून दिवस मोजतो. फौजासिंग चालू लागले आणि मग धावू लागले. मॅरेथॉन २६ मैलांची असते की २६ किलोमीटरांची, याचाही त्यांना प्रारंभी पत्ता नव्हता, असे सांगतात. वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० साली, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पुरी केली. २०१३ साली हाँगकाँगमधील दहा किलोमीटरांच्या शर्यतीनंतरच त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्यांना विक्रमाची भूक नव्हती. त्यांच्या धावण्याने धर्मादाय संस्थांना पैसा मिळत होता, बरोबर धावणारी आपल्या बोलीची माणसे भेटत होती आणि शोकाला वाट मिळत होती. व्हिटलॉक एकटे धावत, फौजासिंग सोबतीने. एकाला घड्याळ हवे होते, दुसऱ्याला नको होते. तरी दोघांत एक गोष्ट समान होती. सकाळी उठल्यावर आज बाहेर पडावे की न पडावे, हा प्रश्न त्यांच्या लेखी उरलेला नव्हता.

या गोष्टीला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे. तो म्हणजे नेम. महाराष्ट्राला हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. ज्येष्ठ महिन्यात आळंदीहून निघालेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालून आषाढी एकादशीला पंढरपुरी पोहोचते. तिच्याबरोबर साठी-सत्तरी उलटलेले हजारो स्त्रीपुरुष पाऊस-चिखल तुडवीत चालतात. रिंगणात आणि वेळापूरजवळच्या ‘धाव्या’त तर ते चक्क धावतातही. या वारकऱ्याला ‘यंदा उमेद आहे काय?’ असे कोणी विचारीत नाही. तिथी ठरलेली, वाट ठरलेली, दिंडीतली जागा ठरलेली. आणि आपण गेलो नाही तर ती जागा रिकामी दिसेल, ही जाणीव पक्की. धावणे आणि वारी यांचे हेतू भिन्न आहेत. एकाला दुसऱ्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. परंतु थकत्या शरीराकडून लांब पल्ला कसा करवून घ्यावा, याचे मर्म वारीत आहे. ठरलेली वेळ, ठरलेली वाट आणि वाट पाहणारे चार सोबती असले, की उमेदीची उणीव बव्हंशी भरून निघते.

यावर आक्षेप येईल, की म्हातारपणी धावणे म्हणजे हृदयाशी आणि गुडघ्यांशी खेळ. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेत धावण्याचे वेड पसरवणारे पुस्तक १९७७ साली लिहिणारे जिम फिक्स हे १९८४ साली धावायला गेले असतानाच हृदयविकाराने गेले. वय अवघे ५२. त्यांच्या वडिलांना पस्तिशीतच हृदयविकाराचा झटका आला होता आणि ते त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तले होते. ही पूर्वसूचना होती. तपासणीकडे मात्र दुर्लक्ष झाले. यातून निघणारा धडा ‘धावू नये’ असा नसून ‘तपासून घ्यावे’ असा आहे. छातीत दुखणे, अकारण धाप लागणे, भोवळ येणे यांना निश्चयाच्या बळावर दडपणे हा पुरुषार्थ नव्हे, आत्मघात आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आधी चालावे, मग चालता चालता थोडे धावावे, अंतर आठवड्यागणिक बेताने वाढवावे आणि विश्रांतीचा दिवस हाही नेमाचाच भाग मानावा.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ सालापासून पन्नाशी उलटलेले धावपटू आणि त्याच वयाचे न धावणारे लोक यांची वर्षानुवर्षे पाहणी केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के, तर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक मृत्यू पावले होते. रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करण्यात येणाऱ्या अडचणीही धावणाऱ्यांत पुष्कळ उशिरा सुरू झाल्या आणि त्यांच्या गुडघ्यांची झीज अधिक असल्याचेही आढळले नाही. मुळात धडधाकट असतात तेच धावतात, हा आक्षेप इथेही घेता येईल आणि तो काही अंशी खराही आहे. तथापि धावण्याने म्हातारपणी माणूस पंगू होतो, ही समजूत तरी या पाहणीपुढे टिकत नाही. लाभ केवळ आयुष्याची वर्षे वाढण्याचा नाही. अखेरच्या वर्षांत दुसऱ्याच्या हाताशिवाय जिना उतरता येण्याचा आहे.

आपल्याकडे नेमका हाच विचार होत नाही. अठ्ठावन्न-साठीला शिक्षक वा कारकून निवृत्त होतो. नारळ, शाल आणि ‘आता आराम करा’ हा आशीर्वाद घेऊन घरी येतो. तीस-पस्तीस वर्षे घंटेच्या आणि हजेरीपटाच्या तालावर चाललेले जीवन एका दिवसात तालाविना होते. नेम कसा पाळावा हे या वर्गाइतके कोणाला ठाऊक आहे? परंतु तो बाहेरून लादलेला होता. स्वतः स्वतःला घालून दिलेला नेम ही निराळी गोष्ट आहे आणि ती निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी एकाएकी जमत नाही. तिची तयारी चाळिशीत व्हावी लागते. त्यात स्त्रियांची अडचण दुहेरी. घरातल्या कामातून त्यांना निवृत्ती नसते आणि साठीची बाई रस्त्याने धावताना दिसली की ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिच्या आधी घरच्यांनाच पडतो. आजोबांच्या अर्ध्या चड्डीला हसणाऱ्या नातवंडांनीही थोडा विचार करावा. त्या हसण्याने थांबलेले पाय पुढे त्यांनाच आधार देऊन उचलावे लागतात.

आणि एवढे सारे जमले, तरी माणसाने धावावे कोठे? मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून आणि पुण्याची त्याच्याही कितीतरी आधी, १९८३ साली, सुरू झाली. शर्यतीच्या एका रविवारी रस्ते मोकळे केले जातात, वृद्धांच्या दौडीची छायाचित्रे छापून येतात. उरलेल्या दिवसांचे काय? पदपथ असेल तर त्यावर दुकान असते, नसेल तर वाहनांच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचे. मैदाने कुंपणाआड जातात, रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला पुरेसा वेळ मिळत नाही. नगरपालिकांना यासाठी कोट्यवधींची क्रीडासंकुले उभारण्याची गरज नाही. सपाट, दिवा असलेला, वाहनमुक्त असा मैल-दोन मैलांचा रस्ता प्रत्येक वस्तीत असणे आणि शाळांची मैदाने सकाळी वृद्धांना खुली असणे, एवढ्याने पुष्कळ साधेल.

फौजासिंग यांचा अंत या मागणीचे गांभीर्य सांगून जातो. अशक्त पाय, पुत्रशोक, परका देश, नव्वदी आणि शंभरी यांपैकी कशानेही त्यांना थांबवले नव्हते. १४ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ११४ व्या वर्षी, ते आपल्या गावाजवळ नेहमीप्रमाणे पायी निघाले होते. महामार्गावर एका मोटारीने त्यांना ठोकरले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. नेम पाळण्याचे काम त्या वृद्धाने अखेरच्या दिवसापर्यंत केले. त्याला सुखरूप घरी परतता यावे असा रस्ता देण्याचे काम ज्यांचे होते, त्यांचा नेम मात्र चुकला.